कॅथलिक सामाजिक शिकवण : अर्थव्यवहार व बाजारनीती

संपत्ती, श्रम, वेतन, व्याज व व्यापार यांविषयी रोमन कॅथलिक चर्चने मांडलेला नीतिविचार. औद्योगिक युगातील त्याची पद्धतशीर मांडणी पोप तेरावा लिओ (कार. १८७८–१९०३) याने १५ मे १८९१ रोजी प्रसृत केलेल्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकापासून सुरू झाली. उभय पक्षांची संमती असली, म्हणजे करार न्याय्य ठरतो काय, हा या विचारातील मध्यवर्ती प्रश्न होय.

या विचाराची मुळे मध्ययुगात आढळतात. सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने वस्तूला न्याय्य किंमत असते असे मानून, मालातील दोष लपवून तो विकणे व उसन्या पैशावर व्याज घेणे अन्यायकारक ठरविले. व्यापार वाढत गेला, तशी व्याजबंदी शिथिल झाली; तथापि गरजूची अडवणूक निषिद्धच राहिली. लिओने हेच सूत्र कारखानदारीस लावले. त्याने खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केला व समाजवाद नाकारला. पण निरुपायाने किंवा भीतीपोटी कामगाराने पतकरलेले अपुरे वेतन ही संमती नसून बळजबरी होय, असे प्रतिपादिले. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराच्या निर्वाहास पुरेल एवढे वेतन हा त्याच्या मते न्यायाचा किमान दंडक होता.

महाराष्ट्रात हाच प्रश्न सावकारी कर्जाच्या रूपाने आधीच उभा राहिला होता. १८७५ मधील शेतकऱ्यांच्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत होऊन तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू झाला. वाळवे तालुक्यातील आष्टा हे गाव (सध्या सांगली जिल्हा) त्या वेळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. रोख्यावर ऋणकोची सही असली, तरी त्यामागील व्यवहाराचा मुळापासून तपास करण्याचा अधिकार या अधिनियमाने न्यायालयांना दिला. त्याचा चर्चशी संबंध नव्हता. परंतु सहीमागील अगतिकता पाहण्याची दृष्टी दोहोंत समान आहे. कायद्याची मर्यादाही लवकरच दिसून आली. सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले व जमीन परत देण्याचे वचन तोंडीच राहिले. कर्जाचा दुसरा मार्ग उपलब्ध झाल्याविना ऋणको खऱ्या अर्थाने स्वतंत्र होत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

सहकारी पतसंस्थांच्या १९०४ च्या अधिनियमाने असा मार्ग खुला केला. वसई परिसरातील मराठीभाषक कॅथलिक समाज मुख्यतः शेती व बागायती करणारा होता. त्याची सावकारी पाशातून सुटका करण्यासाठी धर्मगुरू मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये बॅसीन कॅथलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. पुढे तिचे बँकेत रूपांतर झाले. चर्चच्या आर्थिक विचाराशी सुसंगत असे हे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण होय.

अकराव्या पायसने ‘क्वाद्राजेसिमो आनो’ (१९३१) या परिपत्रकात मूठभरांच्या हाती एकवटलेल्या आर्थिक सत्तेवर टीका केली आणि लहान समूहांना जे साधते, ते मोठ्या संस्थांनी वा शासनाने बळकावू नये, हे तत्त्व मांडले. तेविसाव्या जॉनच्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ने (१९६१) शेतीची दुरवस्था व सहकार यांकडे लक्ष वेधले. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईस आलेल्या सहाव्या पॉलने ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ (१९६७) या परिपत्रकात लिओचा युक्तिवाद राष्ट्रांना लागू केला : विषम बळाच्या देशांतील व्यापार केवळ खुला असल्याने न्याय्य होत नाही. दुसऱ्या जॉन पॉलने ‘चेंतेसिमुस आनुस’मध्ये (१९९१) बाजाराची कार्यक्षमता मान्य केली; मात्र अनेक मानवी गरजांना बाजारात स्थान नसते, असेही बजावले. फ्रान्सिसच्या ‘लाउदातो सी’ने (२०१५) पर्यावरणाचा ऱ्हास व दारिद्र्य यांचा परस्परसंबंध दाखविला.

न्याय्य वेतन वा किंमत नेमकी किती, हे ही शिकवण आकड्यांत सांगत नाही. ही तिची उणीव टीकाकारांनी दाखविली आहे. तथापि करार करणाऱ्यास नकार देणे शक्य होते काय, हा तिने विचारलेला प्रश्न रोजंदारी, कर्ज व शेतमालाचा भाव यांच्या संदर्भात अजूनही टळलेला नाही.