हरकत नाही : महाडची नगरपालिका आणि तिचे तळे

चवदार तळ्यावर मराठीत इतके लिहिले गेले आहे की त्यात मी काही भर घालावी असे मला कधी वाटले नव्हते. मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. एका लहान नगरपालिकेत कारकून म्हणून माझी वीस-बावीस वर्षे गेली. पाणीपट्टीची मागणी-वसुली रजिस्टरे लिहिणे, सभेचे इतिवृत्त उतरून काढणे, ठरावाच्या नकला करणे हे माझे काम. इतिहासाचा नाद त्या दप्तरातूनच लागला. त्यामुळे काही वर्षांपूर्वी महाडच्या दाव्याचे मुंबई उच्च न्यायालयातले निकालपत्र हाती आले, तेव्हा माझी नजर सत्याग्रहाआधी नगरपालिकेकडे गेली. सगळ्या पुस्तकांत ती एका वाक्यापुरती येते : नगरपालिकेने तळे खुले केले होते. मग पुढचे वाक्य सुरू होते. मी त्या एका वाक्यापाशी अडकलो.

निकालपत्रातले तळ्याचे वर्णन एखाद्या सर्व्हेअरने लिहावे तसे आहे. चार ते पाच एकरांचे पाणी. चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची घरे, त्यांत मोजकीच मुसलमानांची. घरमालकांपैकी अनेकांच्या मालकीच्या तळ्याच्या काठावरही जमिनीच्या पट्ट्या, पाण्यात उतरायच्या पायऱ्या, दगडी बांध. म्हणजे पाण्याला वेढा रस्त्याचा, रस्त्याला वेढा घरांचा, आणि पाण्यात उतरण्याच्या वाटा पुष्कळशा घरवाल्यांच्या. मालकी कोणाची हा प्रश्न पुढे दहा वर्षे कोर्टात चालला, पण पाण्यापर्यंत पोचायचे कसे हा प्रश्न या नकाशातच दिसतो.

महाड तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, सावित्री आणि गांधारी नद्यांच्या बेचक्यातले गाव. खाडीच्या वाटेने बाणकोटकडून माल वर येई, घाटावरचा माल खाली उतरे. त्यामुळे गाव लहान, पण बाजार मोठा. 1920च्या दशकात वस्ती सात-आठ हजारांची. शिवाय तालुक्याचे ठाणे : मामलेदार कचेरी, कोर्ट, दवाखाना. कोकणात पावसाळ्यात पाण्याचे काय करायचे हा प्रश्न, आणि मार्च उजाडला की पाणी कुठून आणायचे हा. नद्या असूनही अशा गावात तळ्याला महत्त्व येते ते त्यामुळे.

नगरपालिका 1866ची. 1850च्या 26व्या कायद्याने गावच्या रहिवाशांची तयारी असेल तर तेथे नगरपालिका स्थापन करण्याची सोय झाली होती, आणि मुंबई इलाख्यातल्या पुष्कळ लहान नगरपालिका त्या कायद्याखालीच जन्मल्या. पुढे 1873, 1884, 1901 असे कायदे येत गेले. 1882च्या मे महिन्यातला लॉर्ड रिपनचा ठराव स्थानिक स्वराज्याची पहाट म्हणून आपण शाळेत शिकलो. पण ते स्वराज्य कोणाचे, हे मतदारयादी ठरवी, आणि ती यादी कर, मालमत्ता, शिक्षण यांच्या चाळणीतून निघे. तळ्याभोवतीचे घरवाले त्या चाळणीतून सहज निघत. महारवाड्यातला माणूस क्वचितच.

लोकसंख्येचे आकडे एक गोष्ट लपवतात. नगरपालिका मोजते ती गावात राहणाऱ्यांना. पण महाडसारख्या गावात दिवसाची वस्ती रात्रीच्या वस्तीपेक्षा मोठी असते. आसपासच्या खेड्यांतून लोक बाजाराला येत. त्यांत अस्पृश्य समाजातले लोक दोन कारणांनी येत. एक तर खरेदीसाठी. दुसरे म्हणजे वतनी महार म्हणून गावकामगारांचे कागद आणि गोळा झालेला सारा तालुक्याच्या कचेरीत पोचवायला. हे दुसरे काम सरकारचे. सरकारी टपाल घेऊन दहा-बारा मैल चालत आलेल्या माणसाला सरकारने निर्माण केलेल्या नगरपालिकेच्या हद्दीत प्यायला पाणी नाही, असा हा मामला होता. डॉ. आंबेडकरांनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या हकिगतीत हेच नोंदवले आहे. परगावच्या माणसाला पाणी मिळेल असे सार्वजनिक ठिकाण चवदार तळे एवढेच, आणि तेथे अस्पृश्यांना मज्जाव. त्यांच्यासाठी पाणी म्हणजे महारवाड्यातली विहीर. ती बाजारापासून दूर, आणि नगरपालिकेने लक्ष न दिल्याने गाळाने भरलेली.

या विहिरीवर मी बराच थांबलो. तळ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, विहिरीची कोणी सांगत नाही. नगरपालिकेने तळे खुले करण्याआधी तिच्यावर साधे कर्तव्य होते : विहिरीचा गाळ काढणे. त्यासाठी कोणाचा धर्म बुडत नव्हता, कोणी विरोध केला नसता. आठ-दहा मजूर, काही दिवस, दोरखंड आणि पाट्या. तेही झाले नाही. दप्तरात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे चांगले कळते. माझ्या नोकरीच्या गावात एका वस्तीची पाइपलाइन पुलाच्या अलीकडे येऊन कित्येक वर्षे थांबली होती. विरोध कोणाचाच नव्हता. दरवर्षी अंदाजपत्रकात तिला एक ओळ होती, आणि दरवर्षी मार्चअखेर ती रक्कम दुसऱ्या शीर्षाकडे वळवली जाई. वळवण्याची टिपणी कधीकधी माझ्याच अक्षरात असे.

आता ठराव. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी ती शिफारस. त्यातला पाया पाहण्यासारखा आहे. बोले यांनी धर्माचा वा दयेचा आधार घेतला नाही, पैशाचा घेतला. जे सार्वजनिक खर्चाने चालते ते सार्वजनिक. महाडच्या बाजारात मिठाचा खडा घेणाराही त्या गावच्या उत्पन्नाला हातभार लावतच होता. जकात काय किंवा बाजारफी काय, ती शेवटी गिऱ्हाइकाच्या पदरातून जाते. सप्टेंबरमध्ये सरकारने सर्व खात्यांना अंमलबजावणीच्या सूचना पाठवल्या.

महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी ठराव केला. त्याचा आशय असा की, अस्पृश्यांनी तळ्याचा वापर करण्यास नगरपालिकेची हरकत नाही.

हरकत नाही. या दोन शब्दांचे वजन सरकारी कचेरीबाहेरच्या माणसाला कळणार नाही. कचेरीत 'तरतूद करण्यात यावी' हा एक शेरा असतो, 'अंमल देण्यात यावा' हा दुसरा, आणि 'हरकत नाही' हा तिसरा. पहिल्या दोघांत कोणाला तरी काही करावे लागते. तिसऱ्यात अर्जदार आपला आपण मोकळा. तळ्यावर जाणाऱ्याच्या मागे शिपाई उभा राहील, अडवणाऱ्यावर नगरपालिका कारवाई करील, असे त्या दोन शब्दांत काहीच येत नाही. पुढची तीन वर्षे अस्पृश्यांना तळ्यावर जाता आले नाही, यात नवल नव्हते.

तरीही हा ठराव कमी लेखू नये, असे मला वाटते. इलाख्यातल्या कितीतरी नगरपालिकांनी तेवढेही केले नाही, म्हणून तर 5 ऑगस्ट 1926 रोजी बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला : पहिल्या ठरावाचा अंमल न देणाऱ्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांचे अनुदान थांबवा. महाडमध्ये सुरेंद्रनाथ टिपणीस होते. सुरबानाना म्हणून गाव त्यांना ओळखे. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेला, सवर्ण समाजातला हा माणूस सत्याग्रहाच्या बाजूने उभा राहिला. अनंतराव चित्रे होते, महाडच्या परिसरात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे होते. परिषदेसाठी महाड निवडले गेले याचे एक कारण ही माणसे, आणि दुसरे तो कागद. भिंत चढायला कुठेतरी खाच लागते.

19 आणि 20 मार्च 1927च्या परिषदेची हकिगत वाचकांना नव्याने सांगायला नको. मला त्यातली एकच नोंद येथे हवी आहे. मंडपातल्या लोकांसाठी पाणी नव्हते, म्हणून सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे मंडपापासून फार लांब नव्हते, आणि कागदोपत्री ते तीन वर्षांपासून खुले होते. चाळीस रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. हरकत नसलेल्या पाण्याची ही बाजारातली किंमत.

20 तारखेला लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यानंतर गावात मारहाण झाली, जीव वाचवायला काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. मग 108 घागरी पंचगव्याचे पाणी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला 1924चा ठराव रद्द केला. ही तारीख मी दोनदा तपासली. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. हा योगायोग असणार. सभेच्या तारखा ठरवताना कोणी असा विचार करीत नाही.

रद्द करण्याचा ठराव मात्र 'हरकत नाही'सारखा शांतपणे पडून राहिला नाही. काही महिन्यांतच, 12 डिसेंबर 1927 रोजी, महाडच्या काही रहिवाशांनी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला आणि 14 तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. 25 डिसेंबरला दुसरी परिषद भरली. तिच्यासाठी जागा द्यायला हिंदूंपैकी कोणी तयार नव्हते, ती फत्तेखान यांनी दिली. मनुस्मृती जाळली गेली ती याच परिषदेत. कोर्टाचा हुकूम मानून लोक पाण्यात उतरले नाहीत; मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली. निकालपत्रातला नकाशा आठवला की या वळशाचा अर्थ वेगळा दिसतो. हुकूम पाण्यापुरता होता. रस्ते नगरपालिकेचे होते.

वादींचे म्हणणे दुहेरी होते. तळे खाजगी आहे. आणि तसे नसले तरी अस्पृश्यांनी त्याचे पाणी न घेण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे. महाडच्या कोर्टाने 1931मध्ये, ठाण्याच्या कोर्टाने 1933मध्ये दावा फेटाळला. तळे नगरपालिकेचे ठरले. ज्या संस्थेने आपला शब्द मागे घेतला होता तिचीच मालकी अस्पृश्यांच्या कामी आली, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते.

उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937चा. सत्याग्रहाला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया. हे ब्रूमफील्ड म्हणजे 1922मध्ये अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावणारे आणि 1928मध्ये बारडोलीची चौकशी करणारे. त्यांचे तर्कट वस्तीच्या वाढीवर उभे आहे. देवळाची गोष्ट वेगळी, असे ते म्हणतात. पण येथे तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्याआधी पाणी केवळ आपल्यासाठी राखण्याचा कोणी प्रयत्न केला असेल, हे संशयास्पद आहे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ चाललेली रीत सिद्ध झाली. ती अनादी होती, असे त्यावरून मानता येत नाही. ज्या घरांच्या जोरावर पाणी अडवले जात होते, ती घरे कालची आहेत, एवढ्यावर दावा कोसळला. माझ्यासारख्या घरपट्टीच्या कारकुनाला हा युक्तिवाद फार आवडला. घर केव्हा बांधले, हा आमच्या रजिस्टरातला नेहमीचा रकाना.

निकालाच्या शेवटी एक वाक्य आहे. वादींनी वहिवाट सिद्ध केली असती, तर अशी वहिवाट अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का, याचा कदाचित विचार करावा लागला असता. पण आमच्या निष्कर्षामुळे तो मुद्दा उपस्थित होत नाही. न्यायाधीशांनी विहित चौकटीत राहून नेमके तेवढेच म्हटले. राहिलेल्या मुद्द्याचे उत्तर तेरा वर्षांनी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात आहे. सरकारी निधीतून चालवलेल्या वा सर्वसाधारण जनतेसाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांबाबत तेथे लिहिले आहे. रस्तेही त्या यादीत आहेत.