पेण-रोह्यात गेमिंग पीसी बांधताय? बजेट असं आखा

गेमिंग पीसी असेंबल करायचा म्हटलं की आपण आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतो आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवतो. पण पेण-रोहा भागात आणखी तीन खर्च असतात: वीज, पावसाळा आणि सर्व्हिस सेंटरचं अंतर. ते आधी धरले नाहीत तर नंतर जास्त महाग पडतात.

माझं तेच झालं. रोह्यात पहिला पीसी बांधला तेव्हा ‘यूपीएस पुढच्या महिन्यात घेऊ’ म्हणून सोडला. ऑक्टोबरच्या गडगडाटात लाईट दोन-तीनदा गेली-आली आणि मदरबोर्ड उडाला. जळालेला भाग म्हणून वॉरंटीही मिळाली नाही. यूपीएसचे वाचवलेले पैसे नव्या बोर्डात गेले.

८०,००० रुपयांची नमुना वाटणी

मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरात आहे आणि १०८०पी वर खेळायचं आहे असं धरू. हे बाजारभाव नाहीत, प्रत्येक भागासाठी आपण घातलेली मर्यादा आहे.

- ग्राफिक्स कार्ड: २६,०००
- प्रोसेसर: १२,०००
- मदरबोर्ड: ८,०००
- रॅम आणि एसएसडी मिळून: १८,०००
- एसएमपीएस (५५० ते ६५० वॉट, ८० प्लस ब्राँझ): ५,०००
- कॅबिनेट: ४,०००
- यूपीएस: ७,०००

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले, त्यामुळे जुन्या व्हिडिओतल्या किमती धरू नका. मर्यादा ओलांडली जात असेल तर ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली आणा, ते नंतर बदलता येतं. एसएमपीएस आणि यूपीएसला हात लावू नका.

एएमडीचा एएम५ बोर्ड घेतलात तर पुढे प्रोसेसर बदलायची सोय राहते. कंपनीने या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही सपोर्ट जाहीर केला आहे. मात्र यात फक्त डीडीआर५ रॅम चालते, जुनी डीडीआर४ बसणार नाही.

यूपीएस किती मोठा?

बऱ्याच घरांत ६०० व्हीएचा यूपीएस असतो. तो साधारण ३६० वॉट देतो. वरच्या बिल्डमध्ये गेम चालू असताना प्रोसेसर ९०, ग्राफिक्स कार्ड १७०, बाकीचे भाग ५० आणि मॉनिटर ३० वॉट धरले तर ३४० होतात. म्हणजे अगदी काठावर. म्हणून १००० व्हीए, साधारण ६०० वॉटचा घ्या. त्यावर तासभर खेळता येणार नाही, पण गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करता येतो. त्याआधी वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. आणि वीज कडाडायला लागली की प्लग सरळ काढून ठेवा.

कुठून घ्यायचं?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) एका फेरीत सगळं मिळतं आणि भाव करता येतो. पण रोह्याहून जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो. ऑनलाइन घरपोच येतं, पण भाग खराब निघाला तर कुरिअरची ये-जा आपल्या गळ्यात. कुठूनही घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. किमतीत १८% जीएसटी असतो. ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ म्हणाले तर वॉरंटी मागताना हातात काहीच नसतं.

एक चूक खूप जण करतात: दर पगाराला एक-एक भाग घेतात. शेवटचा भाग येईपर्यंत पहिल्याची परत करायची मुदत संपलेली असते, आणि तो चालतो की नाही हे तपासलेलंच नसतं. त्यापेक्षा पैसे बाजूला साठवा आणि सगळे भाग एकाच आठवड्यात घ्या.

पावसाळ्यातली काळजी

जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा असतो. कॅबिनेट जमिनीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. बंद पीसीवर प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत ओलावा अडकतो. खेळायला वेळ नसला तरी एक-दोन दिवसांआड अर्धा तास चालू ठेवा, उष्णतेने आतला दमटपणा कमी होतो.

थोडक्यात: आधी यूपीएस, एसएमपीएस आणि मुंबईच्या एका फेरीचे पैसे बाजूला काढा. मग उरलेल्यात सगळ्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवा.