मस्तक आणि श्रोणी : अडलेल्या बाळंतपणाचा इतिहास

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांना एम. डी. पदवी दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. हा विषय त्यांना केवळ ग्रंथांतून ठाऊक नव्हता. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि दहा दिवसांत मुलाचा मृत्यू, हे त्यांनी स्वतः सोसले होते.

बाळंतीण अडण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत मार्गात अडकलेल्या गर्भाला ‘मूढगर्भ’ म्हटले आहे. गर्भ जिवंत असेल तर शस्त्र चालवू नये. मृत असेल तरच वापरावे आणि तेही तीक्ष्ण टोकाचे नसावे, कारण मातेला इजा होईल, असा तेथे दंडक आहे.

अडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे मस्तक आणि श्रोणी यांचे न जुळणारे माप. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मस्तकाची आडवी रुंदी सुमारे ९.५ सेंमी असते; श्रोणीचे प्रवेशद्वार पुढून मागे सुमारे ११ सेंमी. अंतर थोडेच उरते. तरीही बहुतेक प्रसूती सुखरूप होतात, कारण कवटीची हाडे अद्याप सांधलेली नसतात आणि कळांच्या दाबाने ती किंचित एकमेकांवर सरकतात. बाळाने हनुवटी छातीशी टेकवली तर मस्तकाचा ९.५ सेंमी व्यास पुढे येतो. मान सरळ राहिली तर तोच सुमारे ११.५ सेंमी होतो. म्हणूनच सोनोग्राफीतील मस्तकाच्या एका आकड्यावरून प्रसूतीचे भाकीत करता येत नाही.

मस्तक काही तासांत आकार बदलते. श्रोणीला मात्र वाढीसाठी वर्षे लागतात. झुरिकच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सीटी प्रतिमांवरून दाखवले, की स्त्रीची श्रोणी यौवनारंभापासून प्रसूतीला अधिकाधिक अनुकूल होत जाते आणि पंचविशी ते तिशीच्या दरम्यान सर्वाधिक अनुकूल असते.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. चार वर्षांनी, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली आणि तेवढ्यावरूनही पुण्यामुंबईत प्रखर वाद पेटला. त्या वादात धर्म आणि रूढी यांची चर्चा पुष्कळ झाली. पण बाराव्या वर्षी मुलीच्या श्रोणीची वाढ अपुरीच असते.