शेतकऱ्याचा आणा आणि गांवची शाळा

इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांतील शेतकरी साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागें एक आणा जादा भरीत असे. हा लोकल फंड. त्याचा एक तृतीयांश भाग शाळांकडे जाई. म्हणजे गांवच्या शाळेचा धनी, निदान हिशेबाच्या वहींत तरी, गांवकरीच होता. परंतु मास्तर कोण नेमावा, त्याची बदली कोठें करावी, मुलांनीं काय शिकावें, हें ठरविणार विद्याखातें. पैसा एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था होती.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें त्यांत या पैशाचा हिशेब रोखठोक मांडला आहे. रयतेच्या करांतून उभें राहिलेलें शिक्षण वरच्या वर्गांच्याच पदरीं पडतें, ही त्यांची तक्रार सर्वश्रुत आहे. त्याच निवेदनांतील दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत राहिलेली नाहीं. शाळांचा पैसा स्थानिक पुढाऱ्यांच्या हातीं सरसकट सोंपवावा, असें फुले म्हणत नाहींत. पाटील, इनामदार, सरदार यांच्यावर त्यांचा भरंवसा नव्हता. फंडाचा ताबा डायरेक्टरकडे असावा व कमिट्यांवर सुशिक्षित माणसें घ्यावीं, असें त्यांनीं सुचविलें. पुणें म्युनिसिपालिटीचा कारभार सभासद या नात्यानें जवळून पाहिलेल्या गृहस्थाचें हें मत आहे. तें सहज बाजूस सारतां येत नाहीं.

लॉर्ड रिपन यांच्या धोरणानुसार १८८४ सालीं लोकल बोर्डांचा कायदा झाला, तरी शाळेवरची खरी हुकमत खात्याचीच राहिली. गोखल्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल आणलें. त्यांतही सक्ती लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांनाच द्यावयाचा होता. पुढील वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं इलाख्यांतील म्युनिसिपालिट्यांपुरता तसा कायदा झाला.

खरा पालट १९२३ सालचा. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असतांना झालेल्या कायद्यानें प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे सोंपविल्या. सक्तीमुळें वाढणाऱ्या खर्चांत जिल्हा बोर्डांस दोन तृतीयांश आणि म्युनिसिपालिट्यांस निम्मा वांटा सरकारनें द्यावा, असें ठरलें. ज्याचा आणा त्याची शाळा, हें तत्त्व अखेर कागदावर आलें. पण आणा भरणारे पुष्कळ आणि मत देणारे थोडे. मतदानाचा हक्क मालमत्तेवर व करावर अवलंबून होता. ज्याचें पोर पहिल्या इयत्तेंत बसे, त्या बापास बोर्डाच्या निवडणुकींत बहुधा मतच नसे. आईचें तर बोलावयासच नको.

त्याच वर्षीं ४ ऑगस्टला सीताराम केशव बोले यांचा ठराव कौन्सिलांत मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. अंमलबजावणी मात्र पुष्कळशी निवडून आलेल्या सभासदांच्या मर्जीवर राहिली. महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. सत्याग्रहानंतर १९२७ सालीं तोच ठराव तिनें रद्द केला. तळ्याचें जें झालें तें शाळेचें होणार नाहीं, याची हमी कोण देणार? पाटील-इनामदारांविषयींची फुल्यांची शंका येथें पुनः उभी राहते.

१९२९ सालीं हार्टोग कमिटीनें स्थानिक संस्थांना वाजवीपेक्षां अधिक सत्ता दिली गेल्याचा अभिप्राय दिला. परक्या सरकारच्या कमिटीचें मत म्हणून तें सोडून देणें सोपें होतें. परंतु १९३८ सालीं सत्तेची दोरी आंखडली ती लोकांनीं निवडलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें! शाळांवरील देखरेखीचीं सूत्रें सरकारनें पुनः आपल्याकडे घेतलीं. १९४७ च्या कायद्यानें तीच दिशा कायम ठेविली. मास्तराला निवडणुकीच्या रागलोभापासून दूर ठेवावयाचें, तर त्याची नेमणूक मतें मागणाऱ्याच्या हातीं नको, हा विचार त्यामागें होता. आणि तो चुकीचा म्हणवत नाहीं. गांवकऱ्याची जागा मात्र त्यांत पुनः आक्रसली.

१ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आल्या व जिल्हा स्कूल बोर्डें मोडलीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समिती आवश्यक केली. तिच्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ज्या आईला १९२३ सालीं बहुधा मतही नव्हतें, तिच्या नातीपणतींना आतां शाळेच्या विकासाचा आराखडा करण्याचा व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवण्याचा अधिकार आहे. मास्तराच्या नेमणुकीचा नाहीं.