बीएमआय (देहभार निर्देशांक)

बीएमआय : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. उंची १६० सेंमी. आणि वजन ६४ किलो असेल, तर १.६ चा वर्ग २.५६, त्याने ६४ ला भागले की बरोबर २५ येतात. वजनकाटा, मोजपट्टी आणि एक भागाकार एवढ्यावर लठ्ठपणाचा अंदाज येतो, ही या मापाची खरी ताकद.

सूत्र मूळचे वैद्यकातले नव्हेच. बेल्जियमचे गणिती व खगोलशास्त्रज्ञ आदोल्फ केतले (१७९६–१८७४) ‘सरासरी माणूस’ शोधत होते. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे त्यांना १८३० च्या दशकात आढळले. लठ्ठपणाशी त्यांना कर्तव्य नव्हते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये त्याला आजचे नाव दिले, तेही समूहांच्या अभ्यासापुरते. एकेकट्या माणसाला ते लावताना पंचाईत होते.

कारण काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. तालमीतला पैलवान या हिशोबात सहज लठ्ठ ठरतो. भारतीयांना नडते ती उलट बाजू. ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, चरबी मात्र यडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. यडकिन धावायला जातात, तर याज्ञिक धावतात ते सकाळी रुग्णालयाची लिफ्ट गाठण्यासाठी, असा मिश्कील खुलासाही त्यात आहे. पण केवळ आळसाचा हा मामला नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात याज्ञिकांना दिसले, की बाळे जन्मतःच जेमतेम २.७ किलोंची, स्नायू तोकडे, त्वचेखालची चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी २५ पासून अतिवजन आणि ३० पासून लठ्ठपणा. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये या रेषा २३ आणि २५ वर आणल्या. म्हणजे वरच्या उदाहरणातली व्यक्ती इथे लठ्ठच. मुलांना हे आकडे लागू नाहीत. त्यांच्यासाठी वयानुसार तक्ते असतात. जोडीला कंबरेचा घेरही पाहतात : पुरुषांत ९० सेंमी., स्त्रियांत ८० सेंमी.पर्यंत ठीक. पट्टी शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर धरायची. सुटलेल्या पोटाखाली जिथे पँटचा पट्टा बसतो तिथे नव्हे.