बर्फातील शिकारी

फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेल (थोरला, मृत्यू १५६९) याचे १५६५ मधील निसर्गचित्र. ओक लाकडाच्या फळ्यांवर तैलरंगांत रंगविलेले हे चित्र सु. ११७ × १६२ सेंमी. आकाराचे असून व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. विशाल भूदृश्यातील लहान मानवाकृतींमधून भाव आणि अर्थ कसा उलगडतो, हे समजून घेण्यासाठी ते फार मोलाचे आहे.

पूर्वपीठिका : अँटवर्पचा व्यापारी निक्लास योंघेलिंक याच्यासाठी ब्रूगेलने वर्षातील ऋतू दाखविणारी चित्रमालिका रंगविली. तिच्यातील पाच चित्रे उपलब्ध आहेत; हे त्यांपैकी हिवाळ्याचे. महिन्यागणिक कामे दाखविण्याची प्रथा प्रार्थनापोथ्यांमधील सचित्र पंचांगांत होतीच; ब्रूगेलने तिला भव्य निसर्गचित्राचे रूप दिले. १५६४-६५ चा हिवाळा युरोपात अतिशय कडक होता.

रचना : डावीकडे तीन शिकारी पाठमोरे चालले आहेत. त्यांच्या वाटेला समांतर उभी झाडांची रांग नजरेला उतारावरून दरीत नेते. तेथे गोठलेल्या तळ्यांवर माणसे घसरखेळ खेळत आहेत. पलीकडे उंच सुळके आहेत. ब्रूगेलचा प्रदेश सपाट; हे डोंगर त्याच्या इटलीच्या प्रवासातील आल्प्स-दर्शनाची आठवण देतात. आकाश आणि तळ्यांवरील बर्फ यांना एकच हिरवट करडी छटा दिल्यामुळे सारे चित्र गारठलेले भासते. उबदार रंग फार थोडे आहेत. त्यांत खाणावळीपुढील जाळ ठळक दिसतो.

भाव व अर्थ : शिकाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत. त्यांचा थकवा झुकलेल्या माना, बर्फात रुतणारी पावले आणि मरगळलेले कुत्रे यांवरून कळतो. एवढ्या लवाजम्याच्या हाती एकच कोल्हा लागला आहे. खाणावळीची पाटी एकाच आकड्यावर लोंबकळते. तिच्यावर एक संत आणि हरिण आहे; हरिण म्हणजे शिकाऱ्यांना न मिळालेले सावज. एवढेच पाहिले तर चित्र उदास वाटते. पण जाळावर डुकराचे केस भाजणारी मंडळी हिवाळ्याची बेगमी करीत आहेत आणि तळ्यावर खेळ रंगला आहे. पुलावरून एक बाई सरपणाची मोळी नेते. दूर एका धुराड्याला लागलेली आग विझवायला माणसे शिडी चढली आहेत. कष्ट, खेळ आणि संकट एकाच वेळी, एकमेकांना न अडवता चालू आहेत.

म्हणून अशा चित्रात आधी आकृतींची दिशा, मग त्यांचे काम आणि शेवटी भूमीच्या तुलनेत त्यांचे आकारमान पाहावे. येथे माणसे लहान असली तरी क्षुद्र नाहीत. निसर्ग कठोर आहे आणि माणसे त्यात एकमेकांच्या आधाराने जगतात, हाच या चित्राचा सर्वांत टिकाऊ अर्थ होय.