खाणीच्या गावचा गोलकीपर, श्रीमंतांचा कोच

आजची हॉकी मेजर ध्यानचंदांची नाही बरं का. ही बर्फावरची. पायात स्केट्स, चेंडूऐवजी रबराची चकती. ठिकाण आहे अमेरिकेतलं मिनेसोटा, जिथे शाळांच्या हॉकी स्पर्धेसाठी अख्खं राज्य वेडं होतं. आणि माणूस आहे विलार्ड आयकोला, एका हायस्कूलचा कोच.

तुमच्यापैकी कुणी डिस्नेचा 'द मायटी डक्स' पाहिलाय? १९९२चा. त्यात गरीब टीममधली पोरं एका श्रीमंत पोराला 'केक-ईटर' म्हणून हिणवतात. म्हणजे केक खाणारा, लाडावलेला. ही शिवी पटकथेत जन्मली नाही. मिनिआपोलिसला लागून असलेल्या इडायना या पैसेवाल्या उपनगराला लोक ती आधीपासूनच देत होते. इडायना जिंकायची, सारखी जिंकायची, म्हणून राग जास्त. आणि तिला जिंकायला लावणारा होता आयकोला.

गंमत अशी, की हा गडी स्वतः केकवाला नव्हताच. तो एव्हलेथचा. राज्याच्या उत्तरेला मेसाबीचा लोखंडाच्या खाणींचा पट्टा आहे, तिथलं हे छोटंसं गाव. फिनलंड, स्लोव्हेनिया, इटलीतून खाणीत राबायला आलेल्या लोकांचं. पण १९२२ साली या गावाने 'हिप्पोड्रोम' नावाचं इनडोअर रिंक बांधलं! शाळेचा कोच होता क्लिफ थॉम्पसन. १९२६ ते १९५८ या काळात त्याच्या टीमने ५३४ मॅच जिंकल्या आणि हरल्या फक्त २६. आकडा परत वाचा, टायपो नाहीये. १९४८ ते १९५१ या काळात तर सलग ६९ विजय. त्यातल्या पहिल्या तीन अजिंक्यपदांच्या वेळी गोलमध्ये उभा होता आयकोला.

पुढे मिशिगन विद्यापीठ, मग १९५६चं हिवाळी ऑलिम्पिक. तिथे अमेरिकेने कॅनडाला ४-१ने हरवलं. गोलकीपर आयकोला, आणि तीन गोल मारणारा जॉन मायसिच, तोही एव्हलेथचाच. शेवटी रौप्यपदक मिळालं.

१९५८मध्ये थॉम्पसन थांबला आणि त्याच वर्षी चेला इडायनात कोच झाला. पहिल्या सीझनमध्ये विजयांपेक्षा पराभव जास्त. असं नंतर कधीच झालं नाही.

पहिलं अजिंक्यपद मात्र ११ वर्षांनी आलं आणि तेही कसं! १९६९ची फायनल, समोर वॉररोड. कॅनडाच्या सीमेवरचं चिमुकलं गाव. त्यांचा हिरो हेन्री बुशे, ओजिब्वे या मूळनिवासी समाजातला पोरगा, मॅच चालू असताना धडकेत कानाला दुखापत होऊन बाहेर गेला. वॉररोडची पोरं तरीही झुंजली. बरोबरी झाली, ओव्हरटाइममध्ये इडायना ५-४ने जिंकली. बघणाऱ्यांची मनं मात्र वॉररोडने नेली. म्हणजे बघा, उत्तरेतल्या छोट्या गावचा पोरगा आता उत्तरेतल्याच छोट्या गावाला रडवणारा व्हिलन ठरला होता.

'पैसा होता म्हणून जिंकले' हा आरोप खोटा नाही. १९६५मध्ये इडायनाला ब्रेमार अरीना मिळालं. घरचं बंदिस्त बर्फ! पण मिनिआपोलिसभोवती श्रीमंत उपनगरं आणखीही होती की. माझं मत विचाराल तर पैशाने बर्फ आलं, एव्हलेथची शिस्त आयकोलाने आणली. १९७०च्या दशकात शाळेचे तुकडे पडले, ईस्ट आणि वेस्ट. निम्मी पोरं दुसरीकडे गेली. आयकोला ईस्टकडे राहिला आणि १९७४, १९७८, १९७९ अशी तीन अजिंक्यपदं त्यानेच नेली.

१९९१मध्ये त्याने चौकड्यांची ती प्रसिद्ध हॅट उतरवली, तेव्हा ३३ सीझन, ६१६ विजय आणि आठ अजिंक्यपदं खात्यावर होती. त्याच्या आदल्या वर्षी, १९९०मध्ये, त्याचं नाव अमेरिकन हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये लागलं. थॉम्पसनचं तिथे १९७३पासूनच होतं. आणि हा हॉल ऑफ फेम कुठे आहे माहितीये? एव्हलेथमध्ये.